फणसाचा ओंडका आणि चेनसॉच्या बारला पाडलेले एक छिद्र : एक प्रकरण अभ्यास

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा, आंबे आणि फणस काही तासांत आडवे झाले. दापोली तालुक्यात माझ्या मामेभावाची उतारावरची बाग आहे. तिथे त्या दिवशी पडलेल्या झाडांमध्ये आजोबांच्या हातचा एक फणस होता. पावसाळा संपेपर्यंत तो तसाच पडून राहिला. पंचनामा झाला, फांद्या जळणाला गेल्या, पण मधला सरळ बुंधा जाळायचा नाही असे मामींनी निक्षून सांगितले. त्याच्या फळ्या काढून घराचे दार आणि माजघरातला झोपाळा करायचा, असे ठरले.

अडचण वाहतुकीची होती. बुंध्याचा कामाचा भाग २.४ मीटर लांब आणि वजन चारशे किलोच्या घरात. बागेतून रस्त्यापर्यंत फक्त जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि मध्ये वहाळावरचा अरुंद साकव. क्रेन तिथे पोहोचत नाही आणि एवढा ओंडका माणसांनी खांद्यावरून नेणे धोक्याचे. तोच ओंडका जागेवर चिरला, तर चार सेंटिमीटर जाडीची एक फळी दोन माणसे सहज उचलून नेतात. म्हणून चेनसॉला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीला, बसणारी चिराईची चौकट, म्हणजे ज्याला सगळे 'चेनसॉ मिल' म्हणतात ती, वापरायचे आम्ही ठरवले. फणस हे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतील झाड असल्यामुळे, पडलेले झाड असले तरी काम सुरू करण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन परवानगी घेतली. हे काम शेवटी न करता सर्वांत आधी करावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

साधने आणि मोजमाप

आमच्याकडची चेनसॉ ७२ सीसीची होती आणि तिला २४ इंची बार होता. बार म्हणजे जिच्या कडेच्या खाचेतून चेन फिरते ती लांब पोलादी पट्टी. इंजिनाच्या अंगापासून बारच्या टोकापर्यंतचे अंतर प्रत्यक्ष मोजले तर ६० सेंटिमीटर भरले. चिराईची चौकट विकत आणलेली होती. तिची रचना साधी आहे : बार आडवा धरून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्लॅम्प आवळायचा, क्लॅम्पवर दोन उभे दांडे, आणि दांड्यांवर ओंडक्याच्या वरच्या सपाट पृष्ठभागावरून सरकणारे दोन आडवे पाइप. पाइप आणि बार यांच्यातील अंतर म्हणजे फळीची जाडी. पहिला काप घेताना ओंडक्याला सपाट माथा नसतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची सरळ शिडी त्यावर पक्की बसवून तिच्यावरून चौकट सरकवतात.

साल काढल्यानंतर बुंध्याची मुळाकडील बाजू ५३ सेंटिमीटर रुंद होती. बार ६० सेंटिमीटरचा, तेव्हा सात सेंटिमीटर शिल्लक राहतात असे आम्ही गृहीत धरले होते, आणि इथेच आमचा पहिला हिशेब चुकला. चौकटीसह बारची लांबी आणि चिरता येणारी रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाच्या बाजूला लाकडात रुतवायचे काटे, म्हणजे स्पाइक, आणि त्यांच्या पुढे आतला क्लॅम्प मिळून सहा सेंटिमीटर जात होते. टोकाच्या बाजूला तर दहा सेंटिमीटर जात होते, कारण बारच्या नाकात, म्हणजे टोकात, स्प्रॉकेट असते आणि त्यावर क्लॅम्प आवळता येत नाही. तिथे दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये बारीक बेअरिंगवर दातेरी चाक फिरत असते. पत्रे दाबले गेले की चाक अडते, तापते आणि चेन खेचली जात नाही. म्हणून क्लॅम्प नाकाच्या रिबेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, मागे घ्यावा लागतो, आणि क्लॅम्पचा जबडाच चार सेंटिमीटर रुंद. साठातून सोळा वजा केले की उरतात ४४ सेंटिमीटर. ओंडका ५३ चा.

दुसरी अडचण घसरण्याची होती, आणि ती मला रुंदीपेक्षा अधिक गंभीर वाटली. सरावासाठी आंब्याच्या एका लहान ओंडक्यावर दोन काप घेतले तेव्हा टोकाकडचा क्लॅम्प तेलकट बारवर हळूहळू सरकला आणि फळीची जाडी एका टोकाला ४० तर दुसऱ्या टोकाला ३६ मिलिमीटर भरली. क्लॅम्प अधिक आवळला, तर बारची खाच दबण्याची भीती. सैल ठेवला, तर तो चेनवर सरकण्याची भीती. सरकलेला क्लॅम्प पूर्ण वेगाने फिरणाऱ्या चेनला लागला, तर काय होईल, हे कुठल्याही मेकॅनिकला सांगावे लागत नाही.

३० इंची बार घ्यावा, हा सल्ला सर्वांनी दिला. तो मी मानला नाही. लांबीच्या दिशेने लाकूड चिरणे हे आडवे कापण्यापेक्षा इंजिनाला कितीतरी जड जाते, कारण तिथे प्रत्येक दात तंतूंच्या टोकांवर काम करतो. ७२ सीसीला २४ इंची बार चिराईत आधीच भरपूर होतो. त्यावर आणखी सहा इंच चेन ओढायला लावणे म्हणजे पिस्टनचा जीव घेणे. शिवाय यंत्राचा तेलपंप तेवढ्या लांबीला पुरेसे तेल देईल याची खात्री नव्हती. तेव्हा आहे त्याच लांबीतून अधिक रुंदी मिळवायची, आणि टोकाचा क्लॅम्प काढून त्याजागी बारमधून आरपार बोल्टने धरणारा ब्रॅकेट बसवायचा, असे ठरवले. त्यासाठी बारला छिद्र पाडणे आले.

छिद्र कुठे?

बार दिसायला साधी पट्टी असली, तरी काम करताना तिच्यावर पडणारा ताण सगळीकडे सारखा नसतो. चिरताना आपण चौकट पुढे ढकलतो आणि लाकूड बारच्या पुढच्या कडेला मागे रेटते. दोन टोकांना आधार दिलेल्या तुळईवर मध्ये वजन ठेवावे तसा हा प्रकार आहे. फक्त तुळई आडवी पडलेली आहे. तिची एक कड दाबली जाते, दुसरी ताणली जाते आणि बरोबर मध्यरेषेवर दाब किंवा ताण जवळजवळ नसतो. छिद्र पाडायचे, तर ते याच रेषेवर पाडले पाहिजे. रेषेपासून जितके कडेकडे जावे, तितके आपण ताण घेणारे पोलाद कापत जातो.

मध्यरेषेचे दुसरे कारण रोजच्या वापराचे आहे. चिराईत बारची एकच कड सतत लाकडाच्या बाजूला असल्यामुळे ती लवकर झिजते, म्हणून बार वरचेवर उलटा करून बसवावा लागतो. छिद्र मध्यरेषेवर असेल तर बार उलटल्यावरही बोल्ट त्याच जागी येतो. ते दोन मिलिमीटर जरी बाजूला असेल, तरी उलटल्यावर ब्रॅकेट तिरका बसतो आणि मग माणूस कंटाळून बार उलटणेच सोडून देतो.

लांबीच्या दिशेने जागा रिबेटांनी ठरवली. आमच्या बारवर शेवटच्या रिबेटची कड टोकापासून ४५ मिलिमीटरवर होती. तिथून रिबेट आणि छिद्र यांच्यामध्ये पुरेसे पोलाद सोडून छिद्राचा मध्य ५८ मिलिमीटरवर घेतला. त्या जागी व्हर्निअरने बारची रुंदी ६६ मिलिमीटर मोजली आणि दोन्ही कडांपासून ३३ मिलिमीटरवर खूण केली. ब्रॅकेटची पट्टी ३० मिलिमीटर रुंद ठेवली, म्हणजे ती दोन्ही बाजूंच्या चेनपासून दूर राहते. बोल्टच्या आतल्या बाजूला पट्टीचा फक्त १२ मिलिमीटरचा भाग येऊ दिला आणि उरलेली पट्टी नाकावरून बाहेर काढून उभा दांडा तिथे घेतला. पट्टी नाकाला टेकू नये म्हणून बोल्टभोवती जाड वॉशर घातला, त्यामुळे स्प्रॉकेटवर दाब येण्याचा प्रश्न मिटला. टोकाकडे जाणारे दहा सेंटिमीटर यामुळे सातवर आले.

एकाच बोल्टवर ब्रॅकेट फिरेल, अशी शंका वर्कशॉपमधील जोडीदाराने काढली. ती रास्त होती. पण इंजिनाकडचा क्लॅम्प बारला दोन बोल्टांनी घट्ट धरतो आणि दोन्ही दांडे वरच्या पाइपांना बांधलेले असतात, त्यामुळे सगळी चौकट एकसंध राहते आणि टोकाच्या बोल्टला फक्त धरून ठेवण्याचे काम उरते. दुसरे छिद्र पाडले असते तर ते आतल्या बाजूला घ्यावे लागले असते आणि मिळवलेली रुंदी पुन्हा गेली असती.

पहिला बार वाया गेला

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण चूक माझी होती आणि ती टाळता येण्यासारखी होती.

चेनसॉसोबत आलेल्या बारलाच मी छिद्र पाडले. साध्या हायस्पीड ड्रिलने ते बऱ्यापैकी सहज पडले, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. साडेआठ मिलिमीटरच्या छिद्रात आठचा बोल्ट घालून नट आवळला, चेन चढवली आणि हाताने ओढून पाहिली, तर ती नाकाजवळ अडकली. नट सैल केला की चेन मोकळी, आवळला की अडकलेली. बार थरांचा होता. अशा बारमध्ये तीन पत्रे स्पॉट वेल्डिंगने एकत्र केलेले असतात; मधला पत्रा कडेला आखूड ठेवून चेनची खाच तयार होते, आणि वजन कमी करण्यासाठी मधल्या पत्र्याला आत खिडक्याही पाडलेल्या असतात. माझे छिद्र अशाच एका पोकळीवर आले होते. नट आवळताच वरचा आणि खालचा पत्रा एकमेकांकडे ओढले गेले आणि त्यांच्याबरोबर खाचही मिटली. १.६ मिलिमीटर जाडीच्या चेनला तिथे जागाच उरली नाही.

यावर उपाय आहे. छिद्र मोठे करून त्यात बारच्या जाडीइतक्याच लांबीचा पोलादी बुश, म्हणजे नळीचा तुकडा, बसवला, तर बोल्टचा दाब बुशवर जातो आणि पत्रे दाबले जात नाहीत. लेथवर तसा बुश करून घेतला, दोन्ही तोंडे बारच्या पातळीला घासली आणि चेन मोकळी फिरू लागली. तरीही तो बार चिराईला वापरायचा नाही, असा निर्णय मी घेतला. पोकळीवर पडलेल्या छिद्राभोवती किती वेल्ड शाबूत आहेत हे बाहेरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्या भरवशावर माणसाला यंत्राजवळ उभे करू नये. तो बार आता फांद्या तोडण्याच्या कामाला आहे.

थरांचा बार ओळखायला अवघड नसतो. उजेडात तिरका धरला तर त्याच्या अंगावर वेल्डचे गोल डाग ओळीने दिसतात. एकसंध पोलादाच्या बारवर असे डाग नसतात. हे पाहायला अर्धा मिनिट लागला असता.

एकसंध बारला छिद्र

नंतर त्याच चेनसॉवर बसणारा, एकसंध पोलादाचा, नाक बदलता येईल असा बार आणला. याची जाडी ४.८ मिलिमीटर. कानस लावून पाहिली तेव्हा चेन ज्यावर धावते त्या कडांवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली. बारच्या मधल्या अंगात मात्र ती थोडी लागली. म्हणजे कडा वेगळ्या कडक केलेल्या आहेत आणि मधले पोलाद चिवट असले, तरी ड्रिल होण्याजोगे आहे.

इथे गॅसची ज्योत लावून ती जागा मऊ करून घेण्याचा सल्ला मिळाला. तो कृपया कोणीही ऐकू नये. पाच मिलिमीटरच्या पट्टीत उष्णता एका जागी थांबत नाही. ती कडांपर्यंत जाऊन त्यांची पाणी दिलेली धार-कडकाई उतरवते आणि नाकातील बेअरिंगचे ग्रीसही वितळवते. एकदा कड मऊ झाली की चेन तिला काही तासांत खाऊन टाकते.

आम्ही पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर पक्क्या बसवलेल्या ड्रिल यंत्रावर, काम केले. हँड ड्रिल मुद्दाम टाळले, कारण कडक पोलादात बिट थोडे जरी हलले तरी मोडते. पट्टीखाली जाड सागवानी फळी ठेवून बार दोन्ही बाजूंनी पक्का बांधला. आधी चार मिलिमीटरचे कोबाल्ट ड्रिल, मग साडेआठचे. पट्टा सर्वांत कमी वेगाच्या पुलीवर, वर सतत कटिंग ऑइल, आणि दाब भरपूर. कमी दाबाने ड्रिल नुसते घासत राहिले की ती जागा तापते, आणखी कडक होते आणि मग ड्रिलच संपते. चुरा अखंड वळ्यांनी बाहेर येत राहिला म्हणजे सगळे ठीक चालले आहे, असे समजावे. तो येणे थांबून किंचाळल्यासारखा आवाज आला की लगेच थांबून बिटला धार लावावी. एका छिद्राला आम्हाला पाऊण तास लागला आणि दोन बिट लागले.

छिद्र पडल्यावर दोन्ही बाजूंची धारदार कड मोठ्या बिटने अर्धा मिलिमीटर मोडली आणि आतली भिंत बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत केली. थरथरणाऱ्या पोलादात भेग बहुतेकदा अशाच एखाद्या ओरखड्यापासून सुरू होते. शेवटी वर्कशॉपमधील जुनी परीक्षा घेतली : छिद्राभोवती रॉकेल लावले, थोड्या वेळाने कोरडे पुसले, खडू फासला आणि वाट पाहिली. भेग असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. रेघ उमटली नाही.

तेल, चेन आणि ओंडका

बारमध्ये दुसरे बारीक छिद्र पाडून तिथून जादा तेल देण्याची पद्धतही आहे. मला आणखी एक छिद्र नको होते, म्हणून तेलाची सोय ब्रॅकेटवरच केली. चिराईत चेन टोकाकडून लाकडात शिरते आणि इंजिनाकडे बाहेर पडते, तर यंत्राचा पंप तेल इंजिनाकडे सोडतो. ते तेल मागच्या कडेने नाकाला वळसा घालून लाकडापर्यंत पोहोचेतो बरेच कमी होते. म्हणून चेन लाकडात शिरण्याच्या जरा आधी, नाकाजवळ थेंब पडावा अशी नळी बांधली. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, फवारणी पंपाचा पितळी कॉक आणि पातळ नळी, एवढेच साहित्य. फणसाच्या बाबतीत ही सोय विशेष आवश्यक ठरली, कारण सहा महिने पडलेल्या बुंध्यातही गाभ्याजवळ चीक होता आणि चिकट भुसा खाचेत बसून तेलाची वाट अडवत होता. प्रत्येक कापानंतर खाच पातळ पत्र्याने खरवडावी लागली.

चेनच्या दातांचा वरचा कोन आडव्या कापासाठी ३० अंशांचा असतो. तो आम्ही कानशीने १० अंशांवर आणला आणि दात लाकडात किती खोल शिरावा हे ठरवणारे डेप्थ गेज ०.६५ मिलिमीटर ठेवले. काप थोडा मंद होतो, पण फळीचा पृष्ठभाग पुष्कळ स्वच्छ येतो आणि दातांना हिसके बसत नाहीत.

स्पाइक काढल्यामुळे इंजिनाकडे अडीच सेंटिमीटर मिळाले. टोकाकडचे तीन मिळून चिरता येणारी रुंदी ४४ वरून ४९.५ सेंटिमीटर झाली. ओंडका अजूनही ५३ चाच होता. मुळाकडचा फुगवटा सुताराने कुऱ्हाडीने आणि वाकसाने दोन्ही बाजूंनी तासून ४८ वर आणला, आणि या कामाला त्याला दीड तास लागला. मी इथे स्पष्ट नोंदवतो की रुंदीच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा त्या कुऱ्हाडीचा होता, आणि बारला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने ओंडका तासून भागते का, हे पाहावे. छिद्राचे खरे मोल रुंदीत नव्हते, घसरणे थांबण्यात होते.

डिसेंबरमध्ये दोन दिवस काम चालले. पहिला माथा आणि नंतर सात फळ्या, असे आठ काप घेतले. एका कापाला १२ ते १५ मिनिटे लागली. दर दोन कापांनंतर चेनला धार लावली आणि बार उलटा केला. मागे पाचरी ठोकत गेलो, म्हणजे चीर मिटून बार अडकत नाही. चौकट ढकलणारा माणूस यंत्रावर वाकलेला असतो आणि धूर थेट तोंडावर येतो, म्हणून वाऱ्याकडे पाठ येईल असा ओंडका आधीच फिरवून घेतला. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा आणि बारच्या टोकाच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही, हा नियम मामींसह सर्वांनी पाळला. पाचव्या कापात ठिणगी उडाली : आत जुना लोखंडी खिळा होता, बहुधा कधीकाळी कपड्यांची दोरी बांधण्यासाठी मारलेला. चार दात गेले, बार शाबूत राहिला.

चेनची चीर नऊ मिलिमीटरची असते. आठ कापांत सात सेंटिमीटरहून अधिक लाकडाचा भुसा झाला, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फळ्या गेल्या. वखारीतल्या बँडसॉवर हे नुकसान याच्या तिसऱ्या हिश्शाइतके झाले असते, आणि ओंडका वखारीपर्यंत नेता आला असता तर मी हा सगळा खटाटोप करा, असे कोणालाही सांगितले नसते.

फळ्यांची जाडी प्रत्येकी सहा ठिकाणी मोजली. सराव ओंडक्यावर चार मिलिमीटरचा फरक होता, तो इथे कुठेही दीड मिलिमीटरच्या वर गेला नाही. काम संपल्यावर बार उतरवून छिद्र पुन्हा मोजले : साडेआठ मिलिमीटर, गोल, कुठेही लांबट झालेले नाही. रॉकेल-खडूची परीक्षा पुन्हा घेतली, रेघ नाही. एका कडेवर आलेली बारीक झालर कानशीने काढली. बोल्टचा नट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाव फेरा सैल सापडला होता, म्हणून नायलॉनचा लॉकनट बसवला आणि प्रत्येक कापापूर्वी त्याला पाना लावून पाहण्याचे ठरले.

फळ्यांच्या टोकांना जुना ऑइलपेंट लावून, मध्ये समान जाडीच्या पट्ट्या घालून त्या पडवीत रचल्या आहेत. ताज्या कापाचा हळदीसारखा पिवळा रंग आता गडद होऊ लागला आहे. कडेचे फिकट लाकूड वाळवीला बळी पडते, म्हणून दाराला फक्त गाभ्याच्या पाच फळ्या घ्यायच्या आणि उरलेल्या दोन झोपाळ्याच्या पाटाला, असे सुताराने खडूने त्यांवर लिहून ठेवले आहे.